14 महिने टर्बो पेट्रोल: पार्किंगचा रॅम्प, कसारा घाट आणि 68,000 चं एस्टिमेट

गेल्या महिन्यात गायमुखच्या चढावर गाडीचा पिकअप अचानक गेला. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी चाळीसच्या वर जाईना, बॉनेटखालून फुस्स असा आवाज, डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा. तेव्हाच ठरवलं, या गाडीबद्दल एकदा सविस्तर लिहायचं.

आधी दहा वर्षं स्विफ्ट होती, 1.2 पेट्रोल. 14 महिन्यांपूर्वी तीन वर्षं वापरलेली एक लिटर टर्बो घेतली, तीन सिलिंडर, मॅन्युअल. रोज कासारवडवली ते ऐरोली, महिन्यातून एकदा नाशिकला सासरी. 13,600 किलोमीटर झाले.

खरा त्रास आमच्या सोसायटीच्या रॅम्पवर. पार्किंग तिसऱ्या पोडियमवर. रॅम्पला मध्येच काटकोनात वळण आणि नेमका तिथेच स्पीडब्रेकर. स्विफ्ट तिथून पहिल्या गिअरमध्ये नुसत्या क्लचवर चढायची. ही वळणावर 1,200 आरपीएमला (इंजिनचे मिनिटाला फेरे) आली की थरथरते. दाबलं तर क्षणभर काहीच नाही, मग एकदम उसळी, आणि समोर भिंत. पहिल्या पंधरा दिवसांत तीनदा बंद पडली. एकदा तर शेजाऱ्यांची गाडी मागे हातभरावर होती.

टर्बोचा पंखा एक्झॉस्टच्या वायूवर फिरतो आणि इंजिनात जास्तीची हवा दाबून भरतो, त्यालाच बूस्ट म्हणतात. इंजिन हळू फिरत असलं की तो जोरच नसतो, हवा दाबली जात नाही आणि हातात उरतं ते नुसतं 999 सीसीचं इंजिन. त्यात नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून इंजिन ठोकणं) टाळण्यासाठी टर्बोमध्ये कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते प्रमाण, सहसा कमी ठेवतात, म्हणजे बूस्ट येईपर्यंत साध्या 1.2 पेक्षाही मंद. कापूरबावडीच्या रांगेत सरकताना दिवसभर हेच. शहरात अ‍ॅव्हरेज 10.8 मिळतं, स्विफ्ट 13.5 द्यायची. महिन्याला बारा-तेरा लिटर पेट्रोल जास्त जातं आणि मला ते दर वेळी पंपावर टोचतं.

चौथ्या महिन्यात विकायलाच काढली होती. तेवढ्यात दिवाळीला नाशिकला निघालो. पाच माणसं, डिकी गच्च, एसी चालू. कसारा घाटात स्विफ्टचा एसी बंद करून दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ओरडवत चढायचो. तिचा सुमारे 115 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे इंजिनची ओढ, यायचाच 4,000 आरपीएमला. हिचा 170 च्या आसपासचा 1,800 पासून हजर. तिसऱ्या गिअरमध्ये, 2,200 वर, कंटेनरच्या मागून बाहेर काढली आणि ती एका दमात पुढे गेली. मागून आई म्हणाली, "घाट कधी संपला रे?" विकायचा विचार मी इगतपुरीतच सोडला. हायवेला अ‍ॅव्हरेजही 17 च्या पुढे मिळतं.

आता गायमुखचं. सर्व्हिस सेंटरने चार दिवस गाडी ठेवून 68,000 चं एस्टिमेट दिलं, टर्बो बदलावा लागेल म्हणे. वॉरंटी संपलेली. काय खराब झालंय ते दाखवा म्हटलं, तर कोणी बॉनेटसुद्धा उघडेना. गाडी उचलली आणि हळूहळू कोलशेतच्या गॅरेजला नेली. त्यांनी पोराला अ‍ॅक्सिलरेटर द्यायला बसवलं, इंटरकूलरच्या (टर्बोने दाबलेली गरम हवा थंड करणारा भाग) पाइपवर साबणाचं पाणी ओतलं. जोडावर भराभर फेस आला. "साहेब, टर्बो ठणठणीत आहे. क्लिप ढिली आहे, सगळी हवा इथूनच पळतेय." क्लिप आणि मजुरी मिळून 550 रुपये. तीनच आठवड्यांपूर्वी त्याच सेंटरला सर्व्हिसिंग झालं होतं. या प्रकाराचा मला अजून राग आहे. टर्बो घेणाऱ्यांनी एवढं कराच: पिकअप गेला की आधी पाइप आणि क्लिप तपासून घ्या, एस्टिमेटवर सही नंतर.

ऑइलमध्ये काटकसर मात्र मी करत नाही. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. म्हणून फुल सिंथेटिक, तेही 10,000 ऐवजी 7,500 किलोमीटरला. घाट चढून थांबलो की गाडी लगेच बंद करत नाही, तापलेल्या टर्बोला ऑइल मिळत राहावं म्हणून मिनिटभर इंजिन चालू ठेवतो.

रॅम्पवर आता वळणाआधीच 2,000 वर ठेवून हाफ क्लचवर चढवतो. गाडी बंद पडत नाही, पण क्लच झिजतोय हे कळतं. बायकोला ही सर्कस नको आहे. तिचं जाणं-येणं घोडबंदर रोड ते ठाणे स्टेशन एवढंच, म्हणून तिच्यासाठी बघतोय ती साधी 1.2, नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड, म्हणजे टर्बो नसलेली. शनिवारी टेस्ट ड्राइव्ह आहे. शोरूमसमोरच्या मोकळ्या रस्त्यावर नको, गाडी आमच्या सोसायटीत घेऊन या, असं सेल्समनला सांगून ठेवलंय. रॅम्प ती स्वतः चढवून बघणार आहे.