प्रेअरी डॉग आणि सुसलिक: माळरानावर बिळं परत आणण्याच्या दोन वाटा

माळरान सावरण्यासाठी बिळं खोदणारे प्राणी परत आणायचे असतील, तर आधी एकच प्रश्न सोडवा: गवत आखूड कोण ठेवणार? प्राणी जिथला मूळचा तिथेच सोडायचा असतो, त्यामुळे अमेरिकेतला प्रेअरी डॉग (नावात कुत्रा असला तरी ही बिळात राहणारी खारच) की युरोपातली सुसलिक खार, अशी निवड कुणालाच करावी लागत नाही. पण आपला प्राणी कुणाच्या वळणाचा आहे, यावर पुढची सगळी मेहनत ठरते.

प्रेअरी डॉग गवत स्वतःच छाटतो. शत्रू लांबून दिसावा म्हणून खायची नसलेली उंच रोपंही तो कुरतडून आडवी करतो. त्याच्या रिकाम्या बिळांत घुबडं राहतात. काळ्या पायांचं फेरेट, म्हणजे मुंगसासारखा दिसणारा छोटा शिकारी प्राणी, तर निवाऱ्यासाठी आणि पोटासाठी जवळजवळ पूर्णपणे त्याच्यावरच अवलंबून. विष घालून प्रेअरी डॉग संपवत नेले, त्यात फेरेटचाही बळी गेला; १९८७ पर्यंत जगात अवघी १८ फेरेट उरली होती, तीही पिंजऱ्यात. ॲरिझोनातून नाहीसा झालेला काळ्या शेपटीचा प्रेअरी डॉग २००८ मध्ये लास सिएनेगासच्या माळावर परत सोडला गेला. सोडताना जमिनीत नळ्या आणि पेट्या पुरून आयती बिळं द्यावी लागतात, आणि कुटुंब न मोडता हलवलं तर जास्त जीव तगतात. खरी धास्ती प्लेगची. पिसवांमधून तो शिरला की अख्खी वसाहत काही आठवड्यांत ओस पडते, म्हणून बिळांत कीटकनाशक भुकटी मारत राहावं लागतं. हा खर्च सुरुवातीलाच धरा.

सुसलिकचं उलट आहे. तिला आखूड गवत हवं, पण ते राखणं तिच्या आवाक्यातलं नाही. चराई थांबली की गवत माजतं आणि ती हटते. पोलंडमधून ती संपली होती. २००५ पासून कामियेन श्लोन्स्की इथे ती पुन्हा सोडली गेली. अशा ठिकाणी मेंढ्या किंवा कापणी कायमची लागते. शिवाय वर्षाचा निम्म्याहून जास्त काळ ती बिळात झोपलेली असते, त्यामुळे सोडलेल्यांपैकी किती तगल्या हे वसंतातच कळतं.

माझं मत स्पष्ट आहे. चराईची पुढच्या दहा वर्षांची हमी नसेल, तर सुसलिकच्या वळणाचा प्राणी आणूच नका. तो जीव फुकट जाईल. आणि शेजारीच जिवंत वसाहत असेल, तर पिंजरे मागवण्याआधी मधल्या पट्ट्यातलं गवत कापून, प्राणी आपणहून येतात का याची एक-दोन हंगाम वाट बघा.