एकतर्फी हुकूमनामा: त्याच कोर्टात अर्ज करावा की वरच्या कोर्टात अपील?

दरखास्तीची, म्हणजे निकालाची अंमलबजावणी मागणाऱ्या अर्जाची, नोटीस हातात पडते आणि तेव्हा कुठे कळते की दाव्याचा निकाल आपल्या गैरहजेरीत केव्हाच लागून गेला आहे, म्हणजेच एकतर्फी हुकूमनामा झाला आहे. घाबरून जो मार्ग आधी कानावर येईल तो धरू नका. दिवाणी प्रक्रिया संहितेत प्रतिवादीला मुख्यतः दोन मार्ग आहेत. हुकूमनामा देणाऱ्या कोर्टातच तो रद्द करून मागायचा (आदेश 9, नियम 13), किंवा कलम 96(2) नुसार वरच्या कोर्टात अपील करायचे. दोन्हींतून हुकूमनामा जाऊ शकतो, पण दोन्हीकडे विचारला जाणारा प्रश्न वेगळा असतो.

नियम 13 च्या अर्जात कोर्ट दोनच गोष्टी तपासते. समन्सची बजावणी रीतसर झाली होती का? झाली असेल, तर पुकाऱ्याच्या वेळी हजर न राहण्याला पुरेसे कारण होते का? यातली एक गोष्ट शाबीत झाली तरी पुरे. दाव्यात बाजू कोणाची खरी, हे तिथे ठरत नाही. कारणही ज्या तारखेच्या गैरहजेरीमुळे दावा एकतर्फी चालला, त्या तारखेचे हवे. दवाखान्याचे कागद मागच्या वर्षीचे असतील तर उपयोग नाही. आणि बजावणीत बारीकसारीक चूक दाखवून भागत नाही: तारीख माहीत होती आणि हजर व्हायला पुरेसा वेळ होता असे दिसले, तर केवळ त्या चुकीवरून हुकूमनामा रद्द होत नाही.

अपिलात उलटे आहे. दप्तरात जे आहे त्यावर हा निकाल टिकतो का, एवढाच तिथला प्रश्न. दावा मुदतबाह्य होता, कोर्टाला अधिकारक्षेत्र नव्हते, वादीने आपले म्हणणे शाबीतच केले नाही, असे मुद्दे तिथे चालतात. अडचण अशी की त्या दप्तरात फक्त वादीचा पुरावा असतो. तुमची कैफियत (दाव्याला दिलेले लेखी उत्तर) नाही, साक्षीदार नाहीत, वादीचा उलटतपास नाही. अपिलात नवा पुरावा आणायची परवानगी सहज मिळत नाही. म्हणून ज्याचा बचाव ‘मी पैसे फेडले आहेत’, ‘ही सही माझी नाही’ अशा वस्तुस्थितीवर उभा आहे, त्याने माझ्या मते नियम 13 चाच आग्रह धरावा. अर्ज मंजूर झाला की दावा पुन्हा चालतो आणि आपले म्हणणे पुराव्यानिशी मांडता येते. कोर्ट खर्च भरायला किंवा काही रक्कम जमा करायला सांगू शकते, तरी हा सौदा महाग नाही. अपिलाला दाव्याच्या मूल्यांकनानुसार कोर्ट फी लागते. मोठ्या रकमेच्या हुकूमनाम्यात हा फरक चांगलाच जाणवतो.

मुदत अर्जाला 30 दिवस. ते हुकूमनाम्याच्या तारखेपासून मोजतात, मात्र समन्स रीतसर बजावलेच नसेल तर हुकूमनामा कळला त्या दिवसापासून. वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिशीसारखी पर्यायी बजावणी या मोजणीपुरती रीतसर धरत नाहीत, हे अनेकांना ठाऊक नसते. अपिलाला जिल्हा न्यायालयात 30 आणि उच्च न्यायालयात 90 दिवस. हुकूमनाम्याची नक्कल मिळायला लागलेला वेळ अपिलाच्या मुदतीतून वगळतात, नियम 13 च्या अर्जाला ती सवलत नाही. उशीर झाला तर दोन्हीकडे विलंब माफीचा अर्ज करता येतो.

सगळ्यात जपायचा आहे तो क्रम. दोन्ही मार्ग एकाच वेळी धरता येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये स्पष्ट केले आहे. पण अपिलाचा निकाल आधी लागला, तर नियम 13 चे दार बंद होते. अपील तुम्ही स्वतः मागे घेतले असेल तरच ते उघडे राहते. उलट अर्ज फेटाळला गेला तर त्या आदेशाविरुद्ध अपील आहे, आणि हुकूमनाम्यावरचे कलम 96(2) चे अपीलही शिल्लक राहते. त्यात मात्र गैरहजेरीचे कारण पुन्हा उगाळता येत नाही, निकालाच्या गुणवत्तेवरच बोलावे लागते. नियम 13 च्या अर्जात गेलेला काळ अपिलाच्या विलंब माफीसाठी पुरेसे कारण ठरू शकतो, असे 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. तरीही त्या भरवशावर बसू नये. निकालात कायद्याची ढळढळीत चूक दिसत असेल, तर मुदतीत अपील दाखल करून ठेवावे आणि अर्जाचा निकाल आधी लागेल असे पाहावे.

नुसता अर्ज किंवा अपील दाखल केल्याने जप्ती थांबत नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते. पैशाच्या हुकूमनाम्यात त्यासाठी रक्कम किंवा तारण देण्याची तयारी ठेवा.

समरी (झटपट निकालाच्या) दाव्यातला, म्हणजे आदेश 37 चा हुकूमनामा असेल तर वरचे गणित बदलते. तिथे नियम 4 लागतो आणि गैरहजेरीच्या खास कारणाबरोबर बचावात दम आहे हेही दाखवावे लागते. वादीने कोर्टाचीच फसवणूक करून हुकूमनामा मिळवला असेल तर स्वतंत्र दावाही करता येतो, पण फसवणुकीचा तपशील मांडून ती शाबीत करायचे ओझे जड असते.

कोणताही मार्ग घ्या, वकिलांकडे जाण्याआधी दाव्याच्या रोजनाम्याची (तारखेगणिक कामकाजाच्या नोंदीची) आणि समन्सवरच्या बेलिफाच्या, म्हणजे समन्स बजावणाऱ्या कोर्टाच्या कर्मचाऱ्याच्या, अहवालाची नक्कल मागा. बेलीफ कोणत्या पत्त्यावर गेला, समन्स कोणी घेतले आणि सही कोणाची आहे, हे त्यातच लिहिलेले असते. नियम 13 चा अर्ज टिकेल की नाही, याचा पहिला अंदाज तिथूनच येतो.