चाळीस पाकिटांचा लॉट, पैकी पस्तीस कामाची

पोस्टात एकतीस वर्षं काढली, त्यातली पहिली सहा नुसती शिक्के मारण्यात. त्यामुळे अमेरिकन नौदलाच्या जुन्या पाकिटांचा लॉट ऑनलाइन लिलावात दिसला, तेव्हा विकणाऱ्याने पाकिटांवरच्या चित्रांचं केलेलं कौतुक मी वाचलंच नाही. फोटो मोठा करून शिक्के बघितले. शाई पसरलेली नाही, तारीख पूर्ण उमटलेली. ४० पाकिटं, ५२ डॉलर. न्यू जर्सीतल्या भाच्याच्या पत्त्यावर मागवली आणि दिवाळीला तो आला तेव्हा त्याच्या बॅगेतून घरी आली. "मावशी, ही तर वापरलेली पाकिटं आहेत!" हो रे बाबा, वापरलेली आहेत म्हणूनच घेतली.

बांधणी चांगली होती, दोन बाजूंना जाड पुठ्ठा. पण आतली प्लॅस्टिकची पाकिटं जुन्या पीव्हीसीची, उघडताच वास आला. असल्या प्लॅस्टिकने कागद चिकट होतो आणि शाई ओढली जाते. पहिल्याच संध्याकाळी सगळी काढून पॉलिएस्टरच्या पाकिटांत घातली. त्याचा खर्च वेगळा, तो किमतीत धरा.

अकरा पाकिटं एकट्या यूएसएस कॉन्स्टिट्यूशनची निघाली आणि माझे पैसे तिथेच वसूल झाले. १७९७ साली बोस्टनला पाण्यात उतरलेलं हे शिडाचं लाकडी लढाऊ जहाज. विसाव्या शतकात ते मोडकळीला आलं, तेव्हा अमेरिकेतल्या शाळकरी पोरांनी दुरुस्तीसाठी पै-पैसा जमवला. मग जुलै १९३१ मध्ये ते लोकांना दाखवायला किनाऱ्या-किनाऱ्याने निघालं, पनामा कालव्यातून पार पश्चिमेपर्यंत गेलं आणि मे १९३४ मध्ये बोस्टनला परतलं. नव्वद बंदरं, शेहेचाळीस लाख माणसं बघून गेली. एवढी शिडं असूनही जहाज ओढून नेत होती ग्रीब नावाची सुरुंग काढणारी बोट, हे वाचून मला हसूच आलं.

जहाजावर स्वतःचं टपाल कार्यालय होतं. संग्राहक आपलाच पत्ता घातलेली, तिकीट लावलेली पाकिटं जहाजावरच्या टपाल कारकुनाकडे पाठवायचे, तो शिक्का मारून परत टपालात टाकायचा. गोल शिक्क्याच्या शेजारी तिकीट रद्द करायच्या आडव्या पट्ट्या असतात ना, त्यांच्या मधल्या जागेत हा गडी बारीक अक्षरं बसवून बंदराचं नाव छापायचा. सॅन डिएगो. सिएटल. बंदर बदललं की अक्षरं बदलायची. मी रोज सकाळी शिक्क्यातली तारीख बदलायचे, चिमट्याने, आणि एवढ्यावरच वैतागायचे! एका पाकिटावर त्याने एक अक्षर उलटं बसवलंय. माझं सगळ्यात आवडतं तेच.

तिकिटंही बघा. १९३१ च्या पाकिटांवर दोन सेंटचं तिकीट, १९३३ च्या पाकिटांवर तीनचं, कारण ६ जुलै १९३२ पासून पत्राचा दर वाढला. अकराच्या अकरा पाकिटांवर पत्ता एकाच माणसाचा. मागे पेन्सिलीने पाकीट हाती आल्याची तारीख, काहींवर "पुसट" असा शेरा. म्हणजे त्याचंही लक्ष शिक्क्यावरच.

आता तक्रार. यादीत "ॲरिझोना" असं मोठ्या अक्षरात होतं. पर्ल हार्बरला ७ डिसेंबर १९४१ रोजी बुडालेल्या त्या युद्धनौकेवर ११७७ माणसं गेली. जहाज चालू असतानाचा शिक्का असलेलं पाकीट महाग असतं, खोटीही खूप फिरतात. आलेल्या पाकिटावर ॲरिझोनाचं रंगीत चित्र आहे खरं, पण शिक्का होनोलुलूच्या पोस्टाचा, १९९१ चा, पन्नासाव्या स्मृतिदिनाचा. विकणारा खोटं बोलला नाही, अर्धंच बोलला. कळवल्यावर त्याने चार डॉलर परत केले, कुरकुर न करता. याशिवाय तीन पाकिटं दुबार आणि एकाची उजवी कड कातरलेली. कातरलेल्या पाकिटाला संग्रहात काही अर्थ नाही.

यूएसएस ऑगस्टाचं एक पाकीट आहे, १९३६ चं. ही आशियाई ताफ्याची प्रमुख नौका. पट्ट्यांत चक्क "शांघाय, चीन". लढाऊ जहाज कुठे उभं आहे हे शिक्क्यावरून साऱ्या जगाला कळवायचं, याचं मला फार नवल वाटलं. माझे धाकटे दीर आपल्या नौदलात होते. त्यांना लिहायचं ते जहाजाचं नाव घालून, "द्वारा फ्लीट मेल ऑफिस, मुंबई". जहाज अंदमानला असो की गोदीत, पत्ता तोच. त्यांचं पत्र आलं की सासूबाई मला हाक मारायच्या, "तू पोस्टातली ना, बघ कुठून आलंय ते." मी शिक्का बघायचे. नुसता आकडा असायचा.

लॉटमधलं शेवटचं पाकीट १९४३ चं. तिकीट नाही, कोपऱ्यात हाताने "फ्री" लिहिलंय, कारण युद्धात खलाशांचं पत्र फुकट जायचं. नौदलाच्या सेन्सॉरचा छाप आहे. आणि गोल शिक्क्यात जिथे जहाजाचं नाव असायचं तिथे फक्त "यू.एस. नेव्ही". पट्ट्यांमधली जागा रिकामी. विकणाऱ्याने हे पाकीट "साधं" म्हणून सर्वांत खाली घातलं होतं. मी ते पहिल्या पानावर लावलंय.

त्याच माणसाकडून दुसरा लॉट घेतेय. या वेळी मागच्या बाजूंचे फोटो आधी मागवलेत.