वायफाय कॅमेरा आणि क्लाउड प्लॅन: नागपुरात उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतरचं मत

घराबाहेर लावायचा वायफाय कॅमेरा घेताना मी मेगापिक्सेलच्या आधी खोक्यावरचं कमाल तापमान बघतो. बऱ्याच स्वस्त मॉडेलांवर ४० किंवा ४५ अंश छापलेलं असतं. नागपूरचा पारा मे २०१३ मध्ये ४७.९ वर गेला होता, आणि हा सावलीतला आकडा. नवतप्यात (मे अखेरच्या सर्वांत कडक नऊ दिवसांत) पश्चिमेच्या भिंतीवरचं प्लास्टिकचं खोकं त्याहून बरंच जास्त तापतं. मग चित्रात दाणे दिसू लागतात, कॅमेरा आपोआप बंद-चालू होतो, आतल्या मेमरी कार्डाचं आयुष्यही घटतं. उत्तर किंवा पूर्वेच्या भिंतीवर, सज्ज्याखाली लावला की हा त्रास जवळपास मिटतो.

बॅटरीवर चालणारा कॅमेरा मात्र इथल्या उन्हाळ्यात मला पटला नाही. त्यातला पीआयआर सेन्सर माणसाच्या अंगाची उष्णता आणि मागच्या भिंतीची उष्णता यांतला फरक ओळखतो. मे महिन्याच्या दुपारी अंगण आणि माणूस सारखेच गरम, त्यामुळे फाटकातून कुणी आत आलं तरी अनेकदा सूचना येत नाही. चित्रावरून हालचाल ओळखणारा, वायरवर चालणारा कॅमेराच घ्या.

रात्री अचानक रीस्टार्ट होत असेल तर कॅमेऱ्याला दोष देण्याआधी वायर तपासा. रात्री इन्फ्रारेड दिवे लागतात, करंट वाढतो, आणि ५ व्होल्टच्या लांब, बारीक यूएसबी केबलमध्ये व्होल्टेज पडतं. ५ व्होल्ट, २ अँपियरचा अडॅप्टर कॅमेऱ्याजवळच आणा, लांब वायर लागलीच तर ती २३० व्होल्टच्या बाजूला घ्या. बोर्ड पावसापासून झाकलेला हवा, हे वेगळं सांगायला नको. पावसाळ्यात त्याच दिव्यांवर किडे जमतात, कोळी जाळं विणतो, आणि रात्रभर खोट्या सूचना येतात. ओसरीचा एलईडी चालू ठेवून कॅमेऱ्याचे दिवे बंद करणं हाच त्यावरचा खरा उपाय.

आता क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर साठवण. १०८० पिक्सेलचं चित्र साधारण १.५ एमबीपीएसने सतत चढवलं तर दिवसाला १६ जीबी जातात, महिन्याला जवळपास ५०० जीबी. फायबरवर चालून जातं. रोज २ जीबीच्या सिमवर तीन तासांत खेळ संपतो. म्हणून सतत रेकॉर्डिंगसाठी १२८ जीबीचं हाय एन्ड्युरन्स (सतत रेकॉर्डिंग सोसणारं) कार्ड (आठवडाभर पुरतं) आणि क्लाउडवर फक्त हालचालीच्या क्लिप, हीच विभागणी मला योग्य वाटते. तीही एकाच कॅमेऱ्यासाठी: फाटकावरच्या. चोराने कॅमेरा उपटून नेला तर कार्डही जातं, तेव्हा वर चढलेली क्लिप हाच पुरावा उरतो. आतल्या खोल्यांसाठी दर कॅमेऱ्यामागे प्लॅनचे पैसे भरण्यात अर्थ नाही.

पण वीज गेल्यावर क्लाउड काय करणार? वादळाच्या संध्याकाळी राउटर मिनी यूपीएसवर चालू आणि कॅमेरा बंद, अशी अर्धवट सोय बऱ्याच घरांत दिसते. १२ व्होल्टसोबत ५ व्होल्टचं यूएसबी आउटपुट असलेला यूपीएस घ्या किंवा दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर टाका. इन्व्हर्टरचं बटण यूपीएस मोडवर ठेवा, नाहीतर बदलाच्या क्षणी राउटर रीस्टार्ट होतो आणि नेमकी तेवढी मिनिटं वर चढत नाहीत.

जोडणी होत नसेल तर बहुधा कॅमेरा फक्त २.४ गिगाहर्ट्झ पकडतो आणि राउटरने दोन्ही बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ) एकाच नावाखाली ठेवलेले असतात. २.४ चं वेगळं गेस्ट नेटवर्क तयार करून कॅमेरा त्यावर टाका, घरचे लॅपटॉपही त्याच्यापासून वेगळे राहतात. घरच्यांना पासवर्ड वाटू नका, अॅपमधून शेअर करा, आणि दोन टप्प्यांचं लॉगिन आधी चालू करा.

क्लिप पोलिसांना द्यायची वेळ आली तर अॅपमधून मूळ फाइल डाउनलोड करून पेन ड्राइव्हवर द्या. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला व्हिडिओ पुन्हा दाबला जातो आणि फाइल बदलते. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रात हॅश व्हॅल्यू (फाइलवरून निघणारा, फाइल जराही बदलली की बदलणारा आकडा) लिहावी लागते, म्हणून मूळ फाइल जपणं महत्त्वाचं. माझ्या प्लॅनमध्ये ३० दिवसांनी जुनी क्लिप पुसली जाते. सुट्यांत गावाला जाणार असाल तर निघण्याआधी प्लॅनची शेवटची तारीख बघून घ्या, आणि काही संशयास्पद दिसलं तर ती क्लिप त्याच दिवशी फोनमध्ये उतरवा.