‘बीजी-4’च्या नादात पाच एकर गेले

मी यवतमाळ जिल्ह्यातला कास्तकार. कपाशी लावून माझी वीस वर्षं झाली, म्हणून नवखा होतो अशी सबब मला सांगता येत नाही.

मागच्या मे महिन्यात एक ओळखीचा माणूस संध्याकाळी घरी आला. पिशवीत पाकिटं होती. “भाऊ, हे बीजी-4. गुलाबी अळी लागतच नाही अन् वरून तणनाशक मारा, पऱ्हाटीला काही होत नाही. निंदण विसरा!” त्या साली बीजी-2 या मंजूर बीटी कपाशीच्या 475 ग्रॅमच्या पाकिटाला सरकारने ठरवलेला कमाल भाव 901 रुपये होता. याने 1,400 सांगितले. निंदणाला बाया मिळत नाहीत, मजुरी परवडत नाही. मी दहा पाकिटं घेतली. बिल मागितलं तर म्हणे, “बिल कशाले पाहिजे? घरचाच माणूस आहो मी.” तिथंच उठायला हवं होतं.

पाकिटावर टपोऱ्या बोंडाचा फोटो होता. कंपनीचा पत्ता, लॉट नंबर, उगवणीची टक्केवारी, यातलं काहीच नव्हतं.

उगवण बरी झाली. महिन्याभराने ग्लायफोसेट हे तणनाशक मारलं. आठवड्यात झाडं पिवळी पडू लागली आणि पंधरा दिवसांत जवळपास निम्मी वाळली. म्हणजे पाकिटात भेसळ होती, काही बी तणनाशकाला टिकणारं, बाकी साधं. गवतासोबत मीच माझी पऱ्हाटी मारली. खाडे भरायची, म्हणजे रिकाम्या जागी पुन्हा बी लावायची वेळही निघून गेली होती.

उरलेल्यात ऑक्टोबरात डोमकळ्या, म्हणजे अळीमुळे न उमललेली फुलं दिसली. बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. कृषी सहायकाने समजावलं ते मी आधी विचारायला हवं होतं. आपल्या देशात कपाशीचे दोनच बीटी प्रकार जास्त चालले: 2002 मध्ये मंजूर झालेला एका जनुकाचा आणि 2006 मधला दोन जनुकांचा बीजी-2. मातीतल्या एका जिवाणूचं जनुक झाडात घातलेलं असतं, त्यामुळे झाडच प्रथिन तयार करतं. अळीने पान खाल्लं की ते प्रथिन तिच्या आतड्याला भोकं पाडतं. पण गुलाबी अळी या दोन्ही प्रथिनांना सरावली. 2017 च्या हंगामातला या अळीचा कहर आपल्या भागात कोण विसरेल? चोर बीटीत, म्हणजे असल्या बिनमंजुरीच्या बियाण्यात, तणनाशक सोसणारं जनुक असलं तरी अळीसाठी तीच जुनी दोन प्रथिनं. ‘बीजी-4’ हे नुसतं पाकिटावर छापलेलं नाव. मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे कामगंध सापळे लावले असते तर निदान अळी वेळेत कळली असती. मी तेही लावले नाहीत, कारण “लागतच नाही” ना!

शेजाऱ्याचं बीजी-2 नीट उगवलं नव्हतं. त्याने बिल आणि रिकामं पाकीट घेऊन तालुक्याला तक्रार केली, समिती शेतात आली, पंचनामा झाला. मी कशाच्या जोरावर जाऊ? तणनाशक सोसणाऱ्या कपाशीला मंजुरीच नाही, पर्यावरण संरक्षण कायद्याखाली ती बेकायदा. विकणाऱ्याला हे पुरतं ठाऊक होतं, म्हणूनच तो बिनघोर होता. फोन लावला तर म्हणतो, “तुम्ही फवारा जास्त मारला असन.” नंतर फोनही उचलला नाही.

दोन वेच्यांत हाती आली ती बरीचशी कवडी, म्हणजे किडका, डागाळलेला कापूस. नोव्हेंबरात पऱ्हाट्या उपटल्या, हरभरा पेरला. त्या बियाण्याची पावती सात-बाऱ्याच्या फाइलीत लावून ठेवली आहे.