सीट खाली सरकतेय: बोल्ट आवळावा, पत्रा घालावा की पाइपच बदलावा?

जुन्या सायकलची सीट चालवता चालवता खाली बसू लागली की बहुतेक जण पाना घेऊन बोल्ट आणखी आवळतात. त्यावर चार दिवस निभतं, मग आटे जातात. आधी नक्की काय सरकतंय ते बघा. सीटचा पाइप फ्रेममध्ये शिरतो तिथे मार्करने रेघ मारा आणि नागपुरात सेमिनरी हिल्सच्या चढावर एक चक्कर टाका. रेघ आत गेली तर पाइप घसरतोय. रेघ जागेवरच आहे पण सीटचं नाक वरखाली होतंय, तर दोष सीटखालच्या क्लॅम्पचा. तिथले नट आवळा, यापुढे लिहिलेलं तुमच्यासाठी नाही.

पाइपच घसरत असेल तर फ्रेमच्या टोकाची चीर बघा. निर्णय तिथेच होतो. बोल्ट आवळल्यावर चिरेचे दोन्ही कान (चिरेच्या दोन बाजूंचे पुढे आलेले भाग, ज्यांतून बोल्ट जातो) एकमेकांना टेकले असतील, तर पुढे कितीही जोर लावा, तो पाइपपर्यंत पोचत नाही, कानच एकमेकांवर दाबले जातात.

कानांमध्ये एक-दोन मिलिमीटर फट शिल्लक असूनही पाइप घसरत असेल, तर खर्च करायची घाई नको. पाइप बाहेर काढा. पाइपवरचं आणि फ्रेमच्या आतलं तेल, ग्रीस आणि उन्हाळ्यातली धूळ मिळून झालेला काळा थर रॉकेलच्या फडक्याने पुसा, मग कोरड्या फडक्याने. चकचकीत क्रोमचा पाइप असेल तर फ्रेमच्या आत राहणाऱ्या भागावरच 120 नंबरचा पॉलिश पेपर हलका फिरवा. तेलाचा थेंब द्यायचा तो बोल्टच्या आट्यांना, पाइपला नाही. आटे झिजलेले दिसले तर त्याच मापाचा नवा बोल्ट आणि जाड वायसर घाला, इतवारीतल्या हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतो. हाताच्या खटक्याचा क्लॅम्प असेल तर तो काढून बोल्टवाला बसवा. जुन्या खटक्याची पकड तशीही ढिली पडलेली असते.

कान टेकलेले असतील तर पाइप फ्रेमच्या मानाने बारीक आहे. इथे दोन वाटा.

पहिली पत्र्याची. कोल्ड्रिंकच्या अॅल्युमिनियम कॅनचा पत्रा साधारण 0.1 मिमी जाड असतो, म्हणजे एक वेढा दिला की पाइप 0.2 मिमी जाड होतो. 25.4 मिमीच्या पाइपचा घेर 80 मिमी भरतो, म्हणून पट्टी 78 मिमी लांब आणि 6 सेंमी रुंद कापा. टोकं एकमेकांवर चढली की पाइप एका बाजूला कलतो. कडा कानशीने मारून घ्या, हात कापतो. वरची 3 मिमी कड बाहेर वळवा, नाहीतर पत्रा सरकून फ्रेमच्या पोटात जातो आणि मग तो काढता काढता जीव मेटाकुटीला येतो. एका वेढ्याने भागलं तर उत्तम. तीन वेढे लागत असतील तर ते सोडा आणि पाइप बदला.

दुसरी वाट योग्य मापाच्या पाइपची. सायकल ठेवायची असेल, रोज ऑफिसला जायचं असेल, तर आम्ही हीच सुचवू. पाइपची मापं 0.2 मिमीच्या फरकाने येतात (26.8, 27.0, 27.2), त्यामुळे डोळ्यांनी अंदाज लावून उपयोग नाही. चिरेपासून खाली, जिथे फ्रेम दबलेली नाही, तिथला आतला व्यास व्हर्नियर कॅलिपरने मोजून घ्या. बर्डीवर दुकानात जाताना जुना पाइप दाखवून 'असाच द्या' म्हणू नका. घसरत होता तो हाच. माप मिळालंच नाही तर लेथवाल्याकडून पातळ बुश (पाइप आणि फ्रेमच्या मध्ये बसणारी नळी) करून घेता येतो, पण त्यालाही एका बाजूने चीर पाडायला सांगा, नाहीतर तो आवळला जात नाही.

पाइपवर फ्रेमच्या तोंडाशी होज क्लॅम्प (स्क्रूने आवळायची पत्र्याची गोल पट्टी) लावायचा जुगाड रस्त्यात अडकलात तर ठीक आहे. पाइप खाली जात नाही, पण सीट गोल फिरतच राहते. वेल्डिंग आणि आरपार भोक पाडून बोल्ट, या दोन्हींना साफ नाही म्हणा. भोकापासून फ्रेमला तडा जातो, आणि वेल्डिंगनंतर सीटची उंची कायमची तीच.

काहीही करा, पाइपवरची किमान खोलीची खूण फ्रेमच्या आत राहू द्या. खूण पुसली असेल तर निदान 8 सेंमी पाइप आत हवा. पत्रा घातला असेल तर पावसाळ्यानंतर एकदा पाइप काढून फ्रेमच्या आतला गंज पुसा, आणि पत्रा फाटला असेल तर नवा कापा.