‘मॅच्ड पेअर’ वेबरच्या नावाखाली ₹99,200चा चुना

आकडे आधी. ‘रीबिल्ट, मॅच्ड पेअर’ (दुरुस्त करून जुळवलेली जोडी) वेबर 40 डीसीओई कार्ब, म्हणजे पेट्रोल-हवेचं मिश्रण देणारे दोन बॅरलचे (नळ्यांचे) कार्बोरेटर, एकेक बॅरल एकेका सिलिंडरला, दोन नग: ₹68,000. मॅनिफोल्ड, लिंकेज आणि सॉफ्ट माउंट (कार्बला इंजिनाची थरथर लागू न देणारी बैठक): ₹11,500. ट्यूनिंग: ₹6,500. ‘इटलीहून येणाऱ्या’ जेट्सचा (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या, बारीक भोकाच्या पितळी तुकड्यांचा) ॲडव्हान्स: ₹9,200, आणि ते जेट्स आजतागायत आलेले नाहीत. अल्ट्रासोनिक क्लीनिंग: ₹4,000. एकूण ₹99,200. लाखाला आठशे कमी, एवढी दया मात्र दाखवली.

गाडी माझी, मारुती एस्टीम, 1298 सीसी. रोज चालणारी, आणि संधी मिळाली की अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर 402 मीटर, म्हणजे पाव मैलाची ड्रॅग शर्यत, पळवायची. विकणारा पुण्याच्या उपनगरातला गॅरेजवाला. नाव लिहीत नाही, पण ड्रॅगच्या वर्तुळात वावरणाऱ्यांना पद्धत ओळखीची वाटेल: जुना माल चकचकीत करायचा, डेमो द्यायचा, आणि मग प्रत्येक तक्रारीवर नवं बिल. बिल म्हणजे काय, ‘एस्टिमेट’ लिहिलेला चिठोरा.

डेमोची चलाखी नीट समजून घ्या, सगळं घोडं तिथेच पेंड खातंय. इंजिन आधीच गरम करून ठेवलेलं. आयडलिंग गुळगुळीत. जागेवर उभ्या उभ्या रेस केली की आवाज असा की कुणाचंही भान हरपेल. डीसीओईच्या अंगावर थंड इंजिनासाठी स्टार्टरचा छोटा लीव्हर असतो. तो दोन्ही कार्बवर अर्धवट ओढून तारेनं बांधला होता. थ्रॉटल बंद असताना तो जादा पेट्रोल देतो, त्यामुळे आयडल सर्किट उपाशी असलं तरी कळत नाही. आणि झटक्यात रेस दिली की पंप जेटची पेट्रोलची पिचकारी मधली उणीव झाकते. स्टार्टर आणि पिचकारी यांच्या मधला भाग, म्हणजे प्रोग्रेशन (थ्रॉटल हळूहळू उघडताना आयडलवरून मेन जेटवर जाण्याचा टप्पा), उभ्या गाडीत तपासलाच जात नाही. लोड पडल्यावरच तो उघडा पडतो.

आणि तो क्षण. एकेक मिक्श्चर स्क्रू (आयडलला त्या सिलिंडरचं मिश्रण ठरवणारा) पूर्ण आत फिरवून पाहिला, तर तिसऱ्या-चौथ्या सिलिंडरला काहीही फरक पडेना. स्क्रू बंद केला की तो सिलिंडर मेला पाहिजे, निदान अडखळला तरी पाहिजे. नाही अडखळला तर एक तर बटरफ्लाय (थ्रॉटलची झडप) गरजेपेक्षा जास्त उघडी आहे, नाही तर पेट्रोल दुसऱ्या वाटेनं येतंय. हे कार्बवर हात काळे करणाऱ्या कुणालाही माहीत असतं. माहीत होतंच. पण ‘सिंक (दोन्ही कार्ब सारखे उघडतील असं जुळवणं) आत्ताच केलंय, हात लावाल तर बिघडेल, मग पुन्हा सिंक्रोमीटर लावावा लागेल’ असं म्हणत गॅरेजवाल्यानं स्क्रूड्रायव्हर हातातून काढून घेतला. तिथेच ₹68,000 वाचत होते! यावर ‘एवढं कळतं तर फसलात कसे’ असं विचारणाऱ्यांनी आधी एवढंच सांगावं, गॅरेजमालक शेजारी उभा असताना ते कार्बची झाकणं उघडून पाहतात का.

धावपट्टीवर व्हायचं तेच झालं. 4,500 आरपीएमला क्लच सोडला की गाडी दम टाकायची, मग उचलायची. तिसऱ्या गिअरमध्ये 5,500च्या पुढे काळा धूर आणि ताकद सपाट. प्लग काढले तर 1 आणि 2 पांढरेफटक (पेट्रोल कमी), 3 आणि 4 काजळलेले (पेट्रोल जास्त). त्यावर उत्तर मिळालं: ‘हा ई20चा (इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा) प्रॉब्लेम, मोठे जेट लागतील.’ अर्धं खरं असल्यामुळे हे खोटं पचतं. 20 टक्के इथेनॉलमुळे मिश्रण साधारण 8 टक्के पातळ होतं. भोकाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या हिशोबानं वाढतं, म्हणजे व्यासात 4 टक्के, म्हणजे 125 नंबरच्या जेटच्या जागी 130 बसवलं की विषय संपला. आणि पेट्रोलचा दोष असेल तर चारही सिलिंडर सारखेच पांढरे पडतील. दोन पांढरे आणि दोन काळे हे पेट्रोल करत नाही. तरीही ₹9,200 गेले ते याच वाक्यावर.

उघडल्यावर निघालेला माल असा. प्रत्येक बॅरलवर, बटरफ्लायजवळ, प्रोग्रेशनची भोकं तपासायला स्क्रूची टोपी असते. ती काढली तर एका कार्बला तीन भोकं, दुसऱ्याला दोन. म्हणजे दोन वेगळ्या टाइपचे कार्ब. एकाचा टाइप नंबर घासून नवा ठोकलेला, अक्षरांची उंची पाहिली तरी कळतं. ही जोडी कोणत्याही जेटनं जुळणार नाही, कारण फरक जेटमध्ये नसून बॉडीतच आहे. मेन जेटवर शिक्का 115, आणि आत 1.35 मिमीच्या ड्रिलची दांडी आरपार! वेबरचा आकडा म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, 115 म्हणजे 1.15. घरी तपासायचं असेल तर पीसीबीची बारीक ड्रिल घ्या, धारेची नव्हे, गुळगुळीत दांडीची बाजू घाला, आणि फिरवू नका, पितळ लगेच खरवडतं.

सॉफ्ट माउंटचे पैसे घेऊन कार्ब साध्या वॉशरवर करकचून आवळलेले. चार सिलिंडरच्या थरथरीनं बाऊलमधल्या पेट्रोलला फेस येतो आणि वरच्या आरपीएमला गाडी कारण नसताना अडखळते. ओ-रिंगची प्लेट आणि स्प्रिंग वॉशर हवेत, वॉशरच्या वेढ्यांत साधारण 1 मिमी फट राहील इतपतच आवळायचं. इलेक्ट्रिक पंपाला रेग्युलेटर नव्हता. डीसीओईला 3 पीएसआय पुरतं, साडेतीनच्या वर नीडल व्हॉल्व्ह दाब धरत नाही आणि कार्ब ओव्हरफ्लो होतो.

याच इंजिनाला काय लागतं ते लिहून ठेवतो, म्हणजे कुणी ‘सीक्रेट सेटिंग’ विकायला आला तर त्याच्या तोंडावर मारता येईल. सिलिंडरमागे 325 सीसी. चोक, म्हणजे बॅरलमधला अरुंद गळा, 32 मिमी. चोकची चौपट म्हणजे 128, तेव्हा मेन 125 किंवा 130. त्यात पन्नास मिळवले की एअर करेक्टर (हवेचं जेट) 175 ते 180. इमल्शन ट्यूब (पेट्रोलमध्ये हवा मिसळणारी नळी) एफ11. आयडल जेट 40 ते 45. इथून सुरुवात, पुढचं प्लग बघून. यात ₹6,500चं काय आहे?

आता चौकीची कथा. ‘माल मिळालाय ना? मग ही दिवाणी बाब.’ भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीचंच आहे, हे सांगितल्यावर साहेबांनी चहा मागवला, स्वतःसाठी. 1930 या सायबर हेल्पलाइनवर ‘हा ऑनलाइन फ्रॉड नाही, तुम्ही प्रत्यक्ष जाऊन पाहिलं होतं.’ पैसे यूपीआयनं गेले, त्याचं काही नाही. आणि कळस म्हणजे पुढचा प्रश्न: ‘कार्बोरेटर बदललाय, आरसीवर नोंद आहे का?’ मोटार वाहन कायद्याचं कलम 52 (गाडीतल्या बदलांबद्दलचं) पुढे करून तक्रारदारालाच आरोपीच्या खुर्चीत बसवलं. नंबर घासून दुसरा ठोकणारा बाजूलाच राहिला.

जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता खुला आहे, 5 लाखांपर्यंत शुल्क नाही, मुदत 2 वर्षं. पण पुरावा? पक्कं बिल नाही. दोष तज्ज्ञाकडून तपासून हवा, आणि वेबरच्या प्रोग्रेशनवर सहीशिक्क्यानं लिहून देणारी प्रयोगशाळा कुठे शोधायची, हे तिथल्या बाबूंनी सांगितलं नाही. म्हणून माल घेतानाच व्हिडिओ करा: टाइप नंबर, टोप्या काढून भोकं, जेटचे शिक्के. पक्क्या बिलाशिवाय ₹500सुद्धा देऊ नका. गॅरेजवर गेल्यावर इंजिनाला हात लावून बघा, गरम असेल तर थंड होईपर्यंत बसा. स्टार्टरचे लीव्हर स्वतःच्या बोटांनी मागे ढकला. स्क्रूला हात लावू देत नसेल तर चालते व्हा. राइड हवी, ती तिसऱ्या गिअरमध्ये, 2,000पासून हळूहळू ॲक्सिलरेटर दाबत. प्रोग्रेशनचा दोष तिथे दहा सेकंदांत कळतो.

हीच जोडी दाखवणारी जाहिरात त्याच फोटोंसह पुन्हा फिरते आहे, किंमत आता ₹74,000. फोटो मोठा करून बघा, डाव्या कार्बच्या लीव्हरला तांब्याची तार दिसते.